व्होल्वोची जन्मकथा आणि बर्फावरची गाडी

हिसिंगेनकर (धागाकर्ता)

महाराष्ट्रात 'व्होल्वो' हे गाडीचे नाव कमी आणि तिकिटाचा दर्जा जास्त आहे. दादरला उभे राहून "पुण्याची व्होल्वो किती वाजता?" असे विचारणाऱ्या माणसाला वातानुकूलित, काचा न उघडणारी आणि एशियाडपेक्षा महाग बस हवी असते. ती कोणत्या कारखान्यातून बाहेर पडली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मीही त्यांतलाच होतो. नऊ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये आलो आणि नेमका या नावाच्या माहेरी येऊन पडलो. नकाशावर या शहराचे नाव गोथेनबर्ग असे असले तरी इथली माणसे त्याचा उच्चार 'योतेबोरी' असा काहीसा करतात. नदीपलीकडच्या हिसिंगेन बेटावर मी राहतो आणि याच बेटावर लुंडबी भागात १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली व्होल्वो कारखान्याबाहेर आली.

बाहेर आली म्हणजे कशी, तर उलटी आली, असे इथे हसत हसत सांगतात. मागच्या आसातले दातेरी चाक चुकीच्या बाजूने बसवले गेले होते, त्यामुळे पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढे जाण्याऐवजी मागे गेली. शुभारंभाला असे व्हावे आणि कंपनीनेच ते पुढे मोकळेपणाने सांगत राहावे, हे मला या लोकांच्या स्वभावाला धरून वाटते.

मुळात ही कंपनी मोटारीची नव्हती. एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी कंपनी याच शहरात १९०७ साली सुरू झाली आणि तिने १९१५ साली बेअरिंगच्या एका मालिकेसाठी 'व्होल्वो' हे नाव नोंदवून ठेवले होते. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'मी गरगरत पुढे जातो' असा आहे आणि बेअरिंगला याहून नेमके नाव सापडणे अवघड आहे. एसकेएफमध्ये विक्रीचे काम पाहणारा आसार गाब्रिएल्सन आणि तिथेच पूर्वी काम केलेला अभियंता गुस्ताफ लार्सन या दोघांची १९२४ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोममधल्या एका उपाहारगृहात झिंग्यासारख्या दिसणाऱ्या गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या ताटावर गाठ पडली आणि स्वीडनची स्वतःची मोटार बनवायचे ठरले. सुरुवातीच्या दहा नमुना गाड्यांसाठी गाब्रिएल्सनने स्वतःची पुंजी घातली, कारण एसकेएफची तोवर खात्री पटलेली नव्हती. त्याचे म्हणणे साधे होते. स्वीडनचे पोलाद उत्तम आहे आणि स्वीडनचे रस्ते वाईट आहेत, तेव्हा इथे विकल्या जाणाऱ्या परदेशी गाड्यांपेक्षा इथल्या खाचखळग्यांना आणि थंडीला टिकणारी गाडी इथेच बनवली पाहिजे.

गंमत अशी की हे सगळे पटवून देणाऱ्या माणसांची पहिली गाडी वरून उघडी होती. तिचे नाव 'ओव्ही-४', म्हणजे 'उघडी गाडी, चार सिलिंडर'. ॲश आणि बीच लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेली, २८ अश्वशक्तीची. स्वीडनच्या हवेत उघड्या गाडीत बसायला कोण येणार? लोकांनी त्याच वर्षी आलेली बंद टपाची आवृत्ती पसंत केली. म्हणजे हवामानाने या कंपनीला पहिला धडा पहिल्याच वर्षी दिला.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. नोव्हेंबर लागला आहे आणि या वर्षी आमच्या ओळखीतली तीन-चार मराठी कुटुंबे इथे नव्याने आली आहेत. त्यांतल्या दोघांनी जुनी व्होल्वो घेतली आणि दोघांच्याही तोंडी एकच वाक्य होते, "आता बर्फाची काळजी नाही, जगातली सर्वांत सुरक्षित गाडी घेतली आहे." मीही दुसऱ्या वर्षी असेच म्हणत होतो, म्हणून माझी गोष्ट सांगतो.

नोव्हेंबरची सकाळ होती. पावणेआठ वाजले होते आणि अजून अंधार होता, कारण इथे डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. मुलीला पाळणाघरात सोडायचे होते. गाडीतला आकडा अधिक दोन अंश दाखवत होता, रस्ता ओला आणि काळा दिसत होता, बर्फ कुठेही नव्हता. टायर उन्हाळी होते, कारण कायद्याने सक्ती १ डिसेंबरपासून असते असे माझे ज्ञान होते. पुलावरून उतरून चौकातल्या गोल वळणाशी आलो, ब्रेक दाबला, आणि ब्रेकच्या पायात नुसतीच थरथर आली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलेले, चाके वळलेली, आणि गाडी मात्र एखाद्या ताटावरून वाटी सरकावी तशी सरळ, सावकाश, अगदी निवांतपणे पुढे निघालेली. वेग पायी धावणाऱ्या माणसाएवढा असेल. फुटपाथच्या दगडी कडेला चाक आपटले आणि गाडी थांबली. मागून मुलीने विचारले, "बाबा, आपण इथे का उतरतोय?"

नुकसान एका चाकाच्या रिमचे झाले. परंतु त्या चार सेकंदांत मला जे कळले ते असे, की पट्टा, हवेच्या पिशव्या, मजबूत सांगाडा हे सर्व आपटल्यानंतर उपयोगी पडणारे आहे. आपटण्याआधी गाडीचा रस्त्याशी संबंध असतो तो चार तळहातांएवढ्या रबराचा, आणि ते रबर निवडण्याचे काम कारखान्याचे नसून माझे आहे.

इथला नियम नीट सांगतो, कारण नवे लोक तो माझ्यासारखाच अर्धवट ऐकतात. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल, म्हणजे रस्त्याच्या कोणत्याही भागावर बर्फ, हिम, चिखलबर्फ किंवा दहिवर असेल, तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि त्यांची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल असली पाहिजे. उन्हाळी टायरला १.६ मिलिमीटर चालते. खिळ्यांचे टायर १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळात चालतात. १ डिसेंबर २०२४ पासून बिनखिळ्यांच्या हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह असावे लागते. नुसती 'चिखल व बर्फ' अशी जुनी अक्षरे आता पुरत नाहीत, त्यामुळे जुनी गाडी घेताना डिकीत मिळणारा टायरचा दुसरा संच या दृष्टीने तपासून घ्यावा. आणि १ डिसेंबर ही कायद्याची तारीख आहे, हवेची नाही.

---

चिंचवडगावचा

हिसिंगेनकर, लेख वाचून घरातल्या जुन्या गोष्टी आठवल्या. आमच्या चिंचवडला एसकेएफचा कारखाना गेली अनेक दशके आहे आणि माझ्या वडिलांची सगळी नोकरी तिथे झाली. घरात कागदावर ठेवायचे वजन म्हणून एक मोठे बेअरिंग होते. लहानपणी मी ते बोटात घालून फिरवत बसे आणि किती वेळ फिरते ते मोजत असे. व्होल्वो हे नाव आधी बेअरिंगचे होते हे वडिलांनी कधी सांगितले नाही, कदाचित त्यांनाही ठाऊक नसावे. आज रात्री फोनवर सांगतो.

एक प्रश्न आहे. आपली शिवनेरी आणि तुमच्या दारातली गाडी एकाच कंपनीची का?

---

हिसिंगेनकर

नाव एक, घरे आता दोन. व्होल्वोने पहिला ट्रक १९२८ साली बनवला आणि पुढे कितीतरी वर्षे मोटार, ट्रक, बस हे सारे एकाच छताखाली होते. १९९९ साली मूळ कंपनीने मोटारींचा विभाग अमेरिकेच्या फोर्डला विकला आणि २०१० साली फोर्डने तो चीनच्या जीलीला विकला. ट्रक आणि बस मूळ कंपनीकडेच राहिल्या. बंगळुरूजवळ होसकोटेला तयार होणाऱ्या बस या दुसऱ्या घरातल्या. म्हणजे शिवनेरी आणि माझी गाडी यांचे नाते वाटण्या झालेल्या भावांच्या मुलांसारखे आहे. दोघांच्या तोंडावरची खूण मात्र तीच आहे, वर्तुळ आणि त्यातून तिरका निघणारा बाण. ती लोखंडाची प्राचीन खूण आहे, स्वीडिश पोलादाची आठवण म्हणून घेतलेली.

---

शंकेखोर

लेखन चांगले आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. सुरक्षितता ही व्होल्वोने फार कौशल्याने विकलेली वस्तू आहे. तीन टोकांच्या सीटबेल्टचे, म्हणजे आसनाच्या पट्ट्याचे, स्वामित्व (पेटंट) त्यांनी जगाला दान केले ही कथा प्रत्येक जानेवारीत व्हॉट्सॲपवर फिरते आणि खाली हात जोडलेली चित्रे असतात. कंपन्या दान करत नाहीत. शिवाय आता मालक चिनी आहे, तेव्हा स्वीडिश संस्कार वगैरे कितपत उरले असतील?

---

हिसिंगेनकर

शंका रास्त आहे आणि कथेला डोळे मिटून मान डोलावण्यापेक्षा बरी. जे पक्के आहे तेवढे सांगतो. निल्स बोलीन हा अभियंता साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे. १९५८ साली तो व्होल्वोत आला. त्या काळी काही गाड्यांत पट्टे होते, पण त्यांची कडी पोटावर किंवा छातीवर येई आणि अपघातात तीच कडी आतल्या अवयवांना इजा करी. विमानाच्या खुर्चीत माणसाला हवे तितके जखडता येते, कारण वैमानिक कुरकुर करत नाही. मोटारीतला माणूस एका हाताने, एका क्षणात लावता आला नाही तर पट्टा लावतच नाही. बोलीनचे खरे काम इथे आहे. त्याने कडी कमरेच्या बाजूला खाली नेली आणि एकच पट्टा छातीवरून व ओटीपोटावरून जाईल असा बसवला. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा मुळातच बसवलेली पहिली व्होल्वो क्रिस्टियनस्टाड गावातल्या विक्रेत्याकडे पोचली.

स्वामित्व व्होल्वोने घेतले होते, सोडून दिले नव्हते. इतर कारखान्यांना मात्र ते वापरायला मोकळीक दिली. दान म्हणा किंवा दूरचा हिशेब म्हणा, तो शब्द तुमचा. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. पट्टा होता तरी लोक लावत नव्हते, म्हणून कंपनीने स्वीडनमधल्या सुमारे २८,००० अपघातांची माहिती गोळा केली आणि १९६७ साली ती मांडली. स्वीडनमध्ये पुढच्या आसनांसाठी पट्ट्याची सक्ती १९७५ साली झाली आणि मागच्या प्रौढांसाठी १९८६ साली. म्हणजे ज्या देशात पट्टा जन्मला तिथेही मागच्या बाकावर पोचायला सत्तावीस वर्षे लागली.

चिनी मालकीबद्दल एवढेच, की आमच्या बेटावरचा टोर्सलांडाचा कारखाना १९६४ पासून चालू आहे आणि सकाळच्या पाळीला त्या रस्त्यावर आजही गर्दी होते.

---

डोंबिवलीची ऋता

मागच्या बाकाचा विषय निघाला म्हणून लिहिते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले होते. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या सोसायटीत सगळे मागे बसून पट्टा शोधत होते. शोधत होते असे म्हणते, कारण बहुतेकांच्या गाडीत तो सीटकव्हरच्या खाली गाडला गेलेला होता. सोळाव्या दिवशी तो परत खाली गेला.

---

विनिपेगची सून

ऋताताई, आमच्याकडे उलटा घोळ होतो. पट्टा सगळे लावतात, पण जाड कोटावरून लावतात. कॅनडात उणे तीस अंशांत मुलाला कोटाशिवाय बाहेर काढणे जिवावर येते हे खरे, परंतु लहान मुलांच्या खुर्चीच्या बाबतीत हे फार धोक्याचे आहे. घरीच करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगते. मुलाला कोटासकट खुर्चीत बसवून पट्टे नेहमीसारखे आवळावेत. मग पट्ट्यांची लांबी न बदलता कडी सोडावी, कोट काढावा आणि पुन्हा कडी लावावी. माझ्या मुलाच्या छातीवर आणि पट्ट्यात माझी चार बोटे सहज गेली. अपघातात कोटातली हवा एका क्षणात दबते आणि तेवढे अंतर मूल पुढे फेकले जाते. तेव्हापासून मुलाला पातळ लोकरी कपड्यात बसवायचे, पट्टे आवळायचे आणि कोट उलटा करून, बाह्या पुढून घालून, वर पांघरायचा, ही आमच्या घरची रीत झाली. मोठ्यांनीही कोटाची चेन उघडून कमरेचा पट्टा कोटाच्या आत घ्यावा.

दुसरे म्हणजे इंजिन. विनिपेगमध्ये गाडीच्या पुढून विजेची वायर लोंबताना दिसते आणि नव्याने आलेल्या पाहुण्यांना वाटते की सगळ्याच गाड्या विजेवर चालतात. ती इंजिनाला ऊब देणाऱ्या हिटरची वायर असते. वाहनतळावर खांबाला प्लग असतात, रात्रभर जोडून ठेवायचे. तेल काकवीसारखे घट्ट झालेले इंजिन सकाळी तसेच चालू केले तर बॅटरी आणि इंजिन दोघांचेही हाल होतात.

टायरच्या सक्तीबाबत आमचा देश एकसारखा नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, आमच्या मॅनिटोबात नाही. सक्ती नाही म्हणून कोणी उन्हाळी टायरवर फिरत असेल तर तो माणूस बहुधा पहिल्याच हिवाळ्यात असतो.

---

सह्यभटक्या

मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये गेलो होतो. नऊ किलोमीटरचा बोगदा संपला आणि पलीकडे एकदम वेगळा रस्ता लागला. ऊन लख्ख, रस्ता स्वच्छ दिसत होता, पण डोंगराच्या सावलीत एक पट्टा नुसता चकाकत होता. माझ्या गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत होती आणि त्या बळावर मी निर्धास्त होतो. पुढे एक हॅचबॅक आडवी झालेली पाहून ब्रेक मारला आणि माझीही नांगी गळाली. शेवटी रस्त्याकडेच्या मऊ बर्फाच्या ढिगात चाक घातले म्हणून थांबलो. एका स्थानिक चालकाने खाली उतरून माझ्या टायरवर अंगठा फिरवला आणि हसला. टायर अगदी गोटा झालेले नव्हते, पण सह्याद्रीतल्या पावसासाठी घेतलेले होते.

प्रश्न असा की चारही चाकांना ताकद मिळत असूनही काहीच फायदा का झाला नाही?

---

घर्षणशास्त्री

सह्यभटक्या, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. इंजिनाची ताकद दोन चाकांना द्यायची की चार चाकांना, हा प्रश्न गाडी हलवण्यापुरता असतो. थांबवताना ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, त्यामुळे तिथे तुमच्या गाडीला काडीचाही जादा लाभ नाही. उलट तोटा असा होतो की चढावर ती सहज निघते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. दोन चाकांची गाडी निघतानाच चाके फिरवून सावध करते.

आता थोडा हिशेब. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक पाऊण धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर गुणांक पाव धरला तर ३९ मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर तो एक दशांशावर येतो आणि अंतर ९८ मीटर होते. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी १४ मीटर, धरलेलाच नाही. वेग ताशी ३० वर आणला तर तेच ९८ मीटर ३५ वर येतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. बर्फावर वेग थोडा कमी करून भागत नाही, तो याच कारणाने.

आणखी एक उलटे वाटणारे सत्य. उणे पंधरा अंशांतला बर्फ शून्याजवळच्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो. शून्याजवळ त्यावर पाण्याचा अतिपातळ थर असतो आणि चाक त्या थरावर तरंगते. हिसिंगेनकरांचा अधिक दोन अंशांचा प्रसंग याच जातीचा आहे. हवेचा आकडा शून्याच्या वर असला तरी निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतो. पुलाला तर खालून जमिनीची ऊबही नसते, म्हणून पूल आधी गोठतो.

---

हिसिंगेनकर

अगदी नेमके. योतेबोरीचा हिवाळा म्हणूनच फसवा आहे. समुद्र जवळ असल्यामुळे पारा शून्याच्या अल्याडपल्याड झोके घेतो, दिवसा वितळते आणि रात्री गोठते. उत्तरेकडे किरुनाला राहणारा माझा सहकारी म्हणतो की आमच्याकडे रस्ता ऑक्टोबरात पांढरा होतो आणि मग निदान तो पांढरा आहे हे सगळ्यांना दिसते. मीठ टाकून बर्फ वितळवण्याचा उपायही फार थंडीत निकामी होतो, म्हणून तिकडे वाळू आणि खडी टाकतात.

टायरमधल्या फरकाबद्दल थोडे. उन्हाळी टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांत सुरीने चिरा दिल्यासारख्या असंख्य बारीक फटी असतात. त्या फटींच्या कडा बर्फाला धरतात. खिळ्यांचे टायर गुळगुळीत ओल्या बर्फावर सर्वांत भरवशाचे असतात, पण कोरड्या डांबरावर ते रस्ता खरवडतात आणि ती धूळ हवेत जाते, म्हणून स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगातान रस्त्यावर २०१० पासून त्यांना बंदी आहे. शहरातच फिरणाऱ्याने बिनखिळ्यांचे घ्यावेत आणि दर आठवड्याला आडगावी जाणाऱ्याने खिळ्यांचे, असे माझे मत आहे. दोन खिळ्यांचे आणि दोन साधे अशी काटकसर मात्र कोणी करू नये, ती कायद्यातही बसत नाही.

भारतीय परवाना इथे नोंदणी झाल्यापासून एकच वर्ष चालतो, मग सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागते. पंधरा वर्षे पुण्यात दुचाकी-चारचाकी चालवलेल्या माणसाला हा अपमान वाटतो. मलाही वाटला. पण त्या परीक्षेआधी निसरड्या धावपट्टीवर काही तासांचा सराव सक्तीचा असतो आणि तो दिवस मी पैसे भरून पुन्हा करायला तयार आहे. प्रशिक्षिका साठीच्या पुढच्या होत्या. पहिल्या फेरीत त्यांनी ताशी ३० वेगाने येऊन खुणेपाशी ब्रेक दाबायला लावला आणि गाडी जिथे थांबली तिथे एक शंकू ठेवला. दुसऱ्या फेरीत वेग ५०. मी पहिल्या शंकूजवळून जाताना गाडीचा वेग अजून ताशी ४० च्या आसपास होता. बाईंनी खिडकीतून त्या शंकूकडे बोट दाखवून विचारले, "तिथे मूल उभे असते तर?" मग वळणावर घसरवून दाखवले. पायाने गती सोडायची, क्लच दाबायचा, ब्रेकवर पाय न देता जिथे जायचे तिकडे पाहत स्टिअरिंग तिकडे द्यायचे. डोळे झाडाकडे गेले की हातही झाडाकडे जातात, हे मी तीनदा सिद्ध करून दाखवले.

---

नव्यानेच आलेला

मी तुमच्याच शहरात ऑगस्टमध्ये आलो आहे आणि जुनी विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. थंडीत ती कमी अंतर जाते असे ऐकले. शिवाय पत्नी सारखी मूसच्या अपघातांबद्दल वाचून दाखवते. या दोन्हींबद्दल कोणी सांगेल का?

---

विनिपेगची सून

विजेच्या गाडीचे सांगते, आमच्याकडे तीच आहे. अंतर कमी होते हे खरे, कारण थंड बॅटरी कमी देते आणि आतली ऊबही तिच्यातूनच घ्यावी लागते. निघण्यापूर्वी गाडी चार्जिंगला जोडलेली असतानाच आतून तापवून घ्यावी, म्हणजे ती ऊब घरच्या विजेतून येते. पूर्ण केबिन तापवण्यापेक्षा सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर कमी खातो. गाडीत घोंगडी, फावडे, विजेरी, टोपी-हातमोजे आणि न गोठणारे काच धुण्याचे पाणी कायम ठेवावे. आणि टपावरचा बर्फ पूर्ण झाडल्याशिवाय निघू नये. ब्रेक मारला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो आणि वायपरला तो हलत नाही.

---

हिसिंगेनकर

मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, चार-पाचशे किलोंचा आणि पाय इतके लांब की गाडीचे तोंड फक्त पायांना लागते आणि धड सरळ काचेवर नि टपावर येते. म्हणून इथल्या गाड्यांच्या पुढच्या काचेचे खांब आणि टपाची कड यांवर इतका जीव टाकलेला असतो. माग्नुस येन्स या स्वीडिश अभियंत्याने रबराच्या चकत्या पोलादी तारांत ओवून चाचणीसाठी मूसचा पुतळा बनवला आणि त्याला २०२२ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. हसण्यासारखे वाटते, पण त्या पुतळ्यावर आदळलेल्या गाडीचा टप पाहिला की हसू जिरते.

व्यवहारात असे करा. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर, पिवळ्या त्रिकोणातली मूसची पाटी दिसली की वेग खरोखर कमी करा. एक दिसला तर दुसरा मागे आहे असे धरून चाला. टाळणे शक्य असेल तर त्याच्या मागच्या बाजूने काढा, कारण तो सहसा पुढे जातो. धडक झालीच तर जागेवर खूण करून पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, जनावर जखमी होऊन जंगलात गेले असले तरी. त्या खुणेसाठी पिवळी फीत मिळते, ती गाडीत ठेवावी.

तुमच्या गाडीवर आत्ता कोणते टायर आहेत ते पाहिले का?

---

नव्यानेच आलेला

आत्ताच खाली जाऊन पाहिले. डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह नाही. दुसरा संच विक्रेत्याने तळघरात ठेवला आहे, त्यावर चिन्ह आहे, नक्षी मोजायची राहिली. मोजायला काही साधन लागते का?

---

हिसिंगेनकर

पट्टी चालेल, पण मिलिमीटरच्या खुणा कडेपासून सुरू होणारी घ्या. आतली आणि बाहेरची कड दोन्हीकडे मोजा, एका बाजूने जास्त झिजलेला असतो. बनवल्याचे वर्षही बाजूवर चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. शनिवारी सकाळी मी माझे बदलणार आहे. जॅक आणि पाना माझ्याकडे आहे, चाके घेऊन दहा वाजता या.